इसब : कारणे व निगा

वसतिगृहात एखाद्या मुलाच्या कोपराच्या किंवा गुडघ्याच्या खळगीत लालसर, खाजरे चट्टे दिसले, की 'लागण होईल' या धास्तीने त्याचे अंथरूण बाजूला सरकवले जाते. तो विकार इसब असेल, तर ही धास्ती निराधार आहे. स्पर्शाने, सहभोजनाने वा एका खोलीत झोपल्याने इसब पसरत नाही.

त्वचा ही शरीराची तटबंदी होय. तिच्या वरच्या थरातील पेशी विटांसारख्या, तर त्यांमधील स्निग्ध द्रव्य चुन्यासारखे असते. इसब असणाऱ्या अनेकांत ही भिंत जन्मतःच कच्ची असते. 'फिलॅग्रिन' हे प्रथिन घडविणाऱ्या जनुकातील दोषाशी या विकाराचा संबंध २००६ साली संशोधकांनी दाखवून दिला. अशा त्वचेतून ओलावा निघून जातो, धूळ व साबणाचे अंश आत शिरतात, दाह होतो आणि खाज सुटते. खाजवल्याने त्वचा अधिक फाटते व खाज पुन्हा वाढते. थंडी, लोकरी कपडे, घाम आणि मानसिक ताण यांनी त्रास बळावतो. अनेकदा कुटुंबात कोणाला तरी दमा असतो.

खरूज मात्र सूक्ष्म किडीमुळे होते. ती बोटांच्या बेचक्यांत दिसते व एकाच खोलीतील अनेकांना होते. नायटा बुरशीमुळे होतो. हे दोन्ही संसर्गजन्य आहेत. म्हणून निदान डॉक्टरांकडूनच करून घ्यावे. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या मिश्र मलमांत बहुधा स्टेरॉइड असते. त्याने नायटा दबल्यासारखा वाटतो, पण आतून पसरत जातो.

इसबाची निगा साधी, पण नित्याची आहे. कोमट पाण्याने थोडक्यात स्नान करावे, साबण सौम्य असावा. अंग हलकेच टिपून ते ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल लावावे. नखे कापलेली आणि कपडे सुती असावेत. त्रास वाढल्यास डॉक्टर सांगतील तितके दिवसच स्टेरॉइड मलम वापरावे. पू किंवा पिवळसर खपल्या दिसल्यास विलंब करू नये.

इसब समूळ नाहीसे करणारे औषध नाही. मात्र वाढत्या वयाबरोबर अनेक मुलांचा त्रास ओसरतो. तोवर त्या मुलाला तेलाची बाटली हवी, आणि त्याचे अंथरूण पुन्हा सर्वांच्या रांगेत हवे.