तापमापक आणि माणूस

जून महिन्यात बालीगंजमधील एखाद्या सामायिक कार्यालयात कोणी शाल पांघरलेला, तर कोणी घाम टिपीत बसलेला दिसला, तर नवल नाही. वातानुकूलन यंत्राची कळ एकाच्या हाती असते. परिणाम मात्र सर्वांनी भोगावयाचा.

तापमापक हवेचे तापमान सांगतो; ती हवा माणसास कशी वाटते, हे त्यालाच विचारावे लागते. ब्रिटनमध्ये टॉमस बेडफर्ड यांनी कारखान्यांतील कामगारांना विचारून आपले निष्कर्ष 1936 साली मांडले. त्यांच्या श्रेणीला ‘फार गरम’पासून ‘फार थंड’पर्यंत सात पायऱ्या होत्या. आजही अशीच श्रेणी वापरतात. विचारतानाच त्या जागेची उष्णता, आर्द्रता व वाऱ्याचा वेग मोजतात, वस्त्रांचीही नोंद घेतात. एरवी उत्तराला अर्थ उरत नाही.

अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील संशोधकांनी पाच भारतीय शहरांतील कार्यालयांतून अशी 6,330 उत्तरे मिळविली व 2016 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत कोलकाता नव्हते. पण तेथल्यासारख्या उष्ण व दमट हवेचे चेन्नई होते. नैसर्गिक वायुवीजनाच्या इमारतींत लोकांना समशीतोष्ण वाटणारे तापमान ऋतुमानाप्रमाणे 19.6 पासून 28.5 अंश सेल्सियसपर्यंत बदलत होते. डॅनिश शास्त्रज्ञ फँगर यांच्या 1970 च्या सूत्राने वर्तविले होते, त्याहून त्यांना कमी उकडत होते! केवळ सूत्रावर विसंबल्यास खोल्या विनाकारण गार होतात आणि वीज व्यर्थ जाते.

तरीही सर्वांचे समाधान होत नाहीच. फँगर यांच्याच गणिताप्रमाणे उत्तम स्थितीतही शेकडा 5 जण असमाधानी राहतात. अशांसाठी मेजावरचा पंखा किंवा खिडकीजवळची जागा हवी. आणि ते कोण, हे कळण्यासाठी कनिष्ठ लेखनिकासही निर्भयपणे उत्तर देता आले पाहिजे.