दुसऱ्या टोकाला रोबो

लाकडी कपाट जिन्यावरून उतरवणारी दोन माणसं फारसं बोलत नाहीत. ‘जरा वर’, ‘थांब’, ‘वळव’ एवढ्यावर भागतं. बाकीचं हातांना कळतं. समोरच्याने किंचित ओढलं की आपण पाऊल टाकतो, रेटलं की मागे सरतो. यातलं एक टोक रोबोच्या हाती द्यायचं, तर अडचण वजनाची नाहीच. वजन पेलायला मोटारी आहेत. समोरच्याच्या मनात काय आहे, ते ओळखायचं कसं?

कारखान्यातला जुना रोबो हट्टी. ठरल्या जागी हात न्यायचा, मध्ये कोण आलं याची पर्वा नाही. म्हणून तर त्याला जाळीच्या कुंपणात ठेवतात. एमआयटीच्या नेव्हिल होगन यांनी १९८५ साली मांडलेल्या ‘इम्पिडन्स कंट्रोल’ने या हट्टावर उतारा दिला. बाहेरून जोर लागला तर हाताने किती दबायचं आणि किती अडून राहायचं, हेही ठरवता येऊ लागलं. मनगटातला सेन्सर जोर मोजतो आणि हात स्प्रिंग बसवल्यासारखा वागतो. स्प्रिंग अर्थातच फक्त हिशेबात!

तरी एक पंचाईत उरतेच. लांब फळीचं एक टोक तुमच्याकडे, दुसरं रोबोकडे. तुम्ही तुमचं टोक डावीकडे रेटलंत. आता अख्खी फळी डावीकडे सरकवायची, की नुसती वळवायची? रोबोच्या मनगटाला सुरुवातीला दोन्ही सारखंच भासतं. अंदाज चुकला की माणूस आणि यंत्र एकमेकांशी झटत बसतात.

ताकुबो, अराई आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी २००२ मध्ये यावर मांडलेली युक्ती मला फार आवडते. रोबोच्या टोकाखाली एक चाक आहे, असं त्यांनी मानलं. चाक पुढेमागे जातं, वळतं, पण आडवं घसरत नाही. तसंच रोबोनेही आपलं टोक आडवं जाऊ द्यायचं नाही. मग फळी हाताळणं म्हणजे बांधकामावरची एकचाकी गाडी ढकलणं. बाजूला न्यायची, तर आधी वळवा, मग पुढे रेटा. थोडा वळसा पडतो खरा, पण रोबोला मन ओळखायची गरजच उरत नाही.

ओझं म्हणून माणूसच असेल तर? जपानच्याच रिकेन संस्थेने २००९ मध्ये दाखवलेला ‘रिबा’ रुग्णाला पलंगावरून उचलतो. त्याच्या हातांवर स्पर्श ओळखणारे सेन्सर आहेत. शुश्रूषा करणारी व्यक्ती त्या हातांना स्पर्श करून त्याला दिशा देते.

माणसाच्या इतक्या जवळ काम करताना रोबोचा धक्का लागला, तर तो किती चालेल, याचे आकडे २०१६ च्या ‘आयएसओ/टीएस १५०६६’ या सुरक्षा-नियमावलीत आहेत, शरीराच्या २९ ठिकाणांसाठी वेगवेगळे. त्या हिशेबात रोबोच्या हातातलं ओझंही धरतात. ते जितकं जड, तितका वेग कमी. त्यामुळे दोन हमाल जे काम झपाट्याने उरकतात, त्यात रोबोला सावकाशच चालावं लागतं.