शाळेंतील हुकूम व देशाचा कायदा

शाळेचे नियम कोण करितो, असें विचारिलें असतां बहुतेक मुलें "हेडमास्तर" असें उत्तर देतील, आणि पालकही फारसें निराळें सांगणार नाहींत. हें उत्तर अगदींच खोटें नव्हे. घंटा केव्हां वाजावी, गणवेश कसा असावा, उशिरां येणारानें चिठ्ठी कोणास दाखवावी, हें शाळाच ठरविते. परंतु शाळेची वहिवाट, शिक्षणखात्याचें परिपत्रक आणि विधिमंडळानें केलेला कायदा या तीन अगदीं निराळ्या गोष्टी आहेत. विद्यार्थ्यास त्या सारख्याच वाटतात, कारण तिन्ही त्याच्या कानीं पडतात त्या शिक्षकाच्याच तोंडून. शिक्षकासही त्यांतील भेद न उमगल्यास काय होतें, हें केरळांतील एका खटल्यावरून चांगलें कळून येतें. म्हणून तो थोड्या विस्तारानें सांगतों.

एकाच कुटुंबांतील तीन भावंडें, एक मुलगा व दोन मुली, एका हायस्कुलांत शिकत होतीं. एक दहावींत, एक नववींत व धाकटी पांचवींत. हीं मुलें यहोवाचे साक्षी या पंथाचीं. या पंथाशीं आमच्या मंडळ्यांचें पुष्कळ बाबतींत पटत नाहीं, पण तो मुद्दा येथें गौण आहे. यहोवाची प्रार्थना सोडून इतर कोणत्याही विधींत भाग घेणें त्यांच्या श्रद्धेस मान्य नाहीं, आणि राष्ट्रगीत, मग तें कोणत्याही देशाचें असो, हे लोक गात नाहींत. सकाळच्या सभेंत "जन गण मन" सुरू झालें कीं हीं मुलें इतरांबरोबर आदरानें उभीं राहात, मात्र गात नसत. त्यांच्या थोरल्या बहिणी त्याच शाळेंत होत्या तेव्हांही असेंच चाले, आणि त्याबद्दल कोणीं चकार शब्द काढला नव्हता.

१९८५ च्या जुलैंत विधानसभेच्या एका सभासदाच्या लक्षांत ही गोष्ट आली. त्यांस ती देशाभिमानास सोडून वाटली व त्यांनीं सभागृहांत प्रश्न विचारिला. चौकशी नेमण्यांत आली. चौकशीचा निष्कर्ष असा झाला कीं, मुलें कायदा पाळणारीं असून त्यांनीं राष्ट्रगीताचा कसलाही अनादर केलेला नाहीं. इतकें होऊनही डेप्युटी इन्स्पेक्टरांच्या सूचनेवरून मुख्याध्यापिकेनें २६ जुलै १९८५ रोजीं तिन्ही मुलांस शाळेंतून काढून टाकलें. सरकारचा हुकूम येईपर्यंत तरी मुलांस वर्गांत बसूं द्यावें, अशी विनंती वडिलांनीं केली. आपण निरुपाय आहों, असें बाईंनीं सांगितलें.

या बाईंस दोष देणें फार सोपें आहे. ज्यानें शाळेचा कारभार पाहिला आहे तो तसें लगेच करणार नाहीं. वरिष्ठाचा हुकूम आला म्हणजे तो कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखालीं काढिला आहे, हें विचारण्याची आम्हां शिक्षकांस सवय नसते. आणि विचारणारास खात्यांत कोणी शाबासकी देतें असेंही नाहीं. पण त्या दिवशीं विचारावयाचा प्रश्न नेमका हाच होता.

वडील हायकोर्टांत गेले. तेथें एका न्यायाधीशापुढें व नंतर दोघांच्या खंडपीठापुढें, दोन्ही ठिकाणीं ते हरले. हायकोर्टानें राष्ट्रगीतांतील शब्दन्‌शब्द तपासून, कोणाच्याही धर्मभावनेस दुखवील असें त्यांत कांहीं नाहीं, असें ठरविलें. सुप्रीम कोर्टानें ११ ऑगस्ट १९८६ रोजीं हा निर्णय फिरविला. "बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य" या नांवानें हा खटला वकिलांस ठाऊक आहे. न्यायमूर्ति चिन्नप्पा रेड्डी व न्यायमूर्ति दत्त यांच्या मतें हायकोर्टानें कसोटीच चुकीची लाविली होती. गीतांत आक्षेपार्ह कांहीं आहे किंवा नाहीं, हा प्रश्न नव्हता. मुलांची श्रद्धा खरी व मनापासूनची आहे कीं नाहीं, एवढाच प्रश्न होता.

आतां शाळेच्या दृष्टीनें महत्त्वाचा भाग. सरकारतर्फे शिक्षणसंचालकांचीं सप्टेंबर १९६१ व फेब्रुवारी १९७० चीं परिपत्रकें पुढें करण्यांत आलीं. सर्वसाधारणपणें संपूर्ण शाळेनें राष्ट्रगीताच्या गायनांत भाग घ्यावा, असें १९६१ च्या परिपत्रकांत होतें. कोर्टानें सांगितलें कीं, या परिपत्रकांच्या पाठीशीं कायद्याचें बळ नाहीं. तीं खात्यानें खात्यापुरतीं काढिलेलीं आहेत. राज्यघटनेच्या १९ व्या कलमानें भाषणस्वातंत्र्य दिलें आहे व त्यांत गप्प राहण्याचें स्वातंत्र्यही येतें. तें आकुंचित करावयाचें तर कायदा हवा, कचेरींतील कागद पुरत नाहीं. आणि राष्ट्रगीत गाइलेंच पाहिजे असा कायदा तर कोठेंच नव्हता. १९७१ चा राष्ट्रीय सन्मानाविषयींचा कायदा आहे खरा. पण जो बुद्धिपुरस्सर गायन बंद पाडतो किंवा गाणाऱ्या सभेंत व्यत्यय आणितो त्यास तो शिक्षा सांगतो. उभा राहून मौन धरणारास नव्हे. २५ व्या कलमांतील धर्मस्वातंत्र्याचाही आधार कोर्टानें घेतला, आणि मुलांस पुन्हां दाखल करून घेण्याचा हुकूम दिला. मुलांस काढल्यापासून निकाल लागेपर्यंत वर्षाहून अधिक काळ लोटला होता, आणि त्यांतील एक मूल दहावीच्या वर्गांतलें, हें पालकांनीं ध्यानांत घ्यावें.

या निकालाचा विपरीत अर्थ करणारे चतुर विद्यार्थी निघतील, म्हणून एक गोष्ट स्पष्ट करितों. राष्ट्रगीत चाललें असतां जो शेजाऱ्याशीं कुजबुजतो किंवा कंटाळा आला म्हणून भिंतीस टेंकतो, त्यास येथें कसलाही आसरा नाहीं. तीं मुलें उभीं होतीं, हा निकालाचा कणा आहे.

मिशनच्या शाळांसही या प्रकरणांत शिकण्याजोगें पुष्कळ आहे, कारण प्रार्थना व शास्त्रपाठ आमच्याकडेही चालतात. राज्यघटनेच्या २८ व्या कलमाचा तिसरा भाग असें सांगतो कीं, सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेंत धार्मिक शिक्षण घेण्याची अथवा उपासनेस हजर राहण्याची सक्ती कोणावरही, त्याच्या संमतीवांचून, करितां येत नाहीं. विद्यार्थी अज्ञान असल्यास पालकाची संमति पाहिजे. इंग्लंडांत १८७० च्या शिक्षणाच्या कायद्यानें पालकास आपलें मूल अशा तासांतून काढून घेण्याची मोकळीक दिली होती. म्हणजे नको असेल त्यानें बोलावयाचें. आमच्या घटनेनें भार उलट बाजूस ठेविला आहे. येथें विचारावयाचें तें शाळेनें, आणि पालक गप्प बसला म्हणजे त्यानें होकार दिला, असें धरून चालतां येत नाहीं. एखाद्या पालकास आपल्या मुलानें शास्त्रपाठास बसूं नये असें वाटत असेल, तर त्यानें वर्गशिक्षकास तसें सांगावें. कारण देण्याची गरज नाहीं.