लेकराच्या अंगाखाली काय अंथरायचं?

श्रावणातली गोष्ट. वस्तीत तापाचे रुग्ण बघत आम्ही घरोघर फिरत होतो. एका घरात शिरलो. एकच खोली, एका बाजूला गॅसची शेगडी, दुसऱ्या बाजूला कपाट. मधल्या कोपऱ्यात जाड केसाळ, गुलाबी कार्पेट. त्यावर दप्तर, रंगाच्या कांड्या आणि भिंतीला बाराखडीचा तक्ता.

"ताई, हा आमच्या लेकीचा कोपरा. हप्त्यानं घेतलंय कार्पेट," आईनं कौतुकानं सांगितलं. पाच वर्षांची मुलगी त्यावर बसून चित्र रंगवत होती आणि मधूनमधून खोकत होती. रात्री ती तिथंच झोपायची. पहाटे छातीतून शिट्टीसारखा आवाज यायचा. दोन महिन्यांत तीनदा खोकल्याचं औषध आणून झालं होतं.

आम्ही कार्पेटची एक कड उचलली. खालची फरशी ओली होती, पाठीला काळे ठिपके पडले होते, कुबट वास आला. आई ओशाळली. म्हणाली, "रोज झाडते हो मी." ती खोटं बोलत नव्हती. वरून कितीही झाडलं तरी अशा कार्पेटच्या आतली धूळ निघत नाही आणि खालची ओल दिसत नाही.

पोरीला स्वतःचा कोपरा हवा, तिथं मऊ काहीतरी हवं, या आईच्या इच्छेला आम्ही चूक म्हणणार नाही. ती इच्छा मोलाची आहे. फक्त अंथरायची वस्तू दुसरी हवी होती.

धूळ आणि ओल

घरातल्या धुळीत डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे असतात. आपल्या अंगावरून झडणारा त्वचेचा कोंडा हे त्यांचं खाणं. दमट हवा त्यांना मानवते. जाड कार्पेट, जुनी गादी, उशी यांत ते वाढतात. ते चावत नाहीत; पण त्यांची विष्ठा धुळीतून श्वासात जाते आणि ज्या मुलांना त्याची अ‍ॅलर्जी असते त्यांना शिंका, नाक गळणं, खोकला, दम लागणं सुरू होतं. ओलीमुळे धरणारी बुरशीही तेच करते. मूल जमिनीवर झोपतं तेव्हा त्याचं नाक या धुळीपासून वीतभर अंतरावर असतं.

एकच कसोटी

दुकानात रंग बघण्याआधी स्वतःला विचारा: हे मला घरी धुता येईल का, आणि सकाळी धुतलं तर संध्याकाळपर्यंत वाळेल का? उत्तर नाही आलं, तर ती वस्तू लेकराच्या अंगाखाली नको.

या कसोटीवर आपल्याकडच्या वस्तू लावून बघू.

सुती सतरंजी चांगली. पातळ घ्या. जाड सतरंजी भिजली की एकट्या बाईला पिळवत नाही. रंग जातो का ते बघायला आधी एक टोक भिजवून पांढऱ्या फडक्यावर घासा.

गोधडी, वाकळ तर आपल्या घरचीच. जुन्या लुगड्यांची, मऊ, घाम शोषणारी. पण सहा-सात पदरांची गोधडी पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाही. लेकरासाठी दोन-तीन पदरांच्या दोन गोधड्या शिवा. एक वापरात, एक दोरीवर. जाड गोधडी असेलच तर तिला जुन्या सुती साडीची खोळ घाला आणि दर आठवड्याला खोळ धुवा.

प्लास्टिकची चटई फरशीची ओल वर येऊ देत नाही आणि ओल्या फडक्यानं पुसता येते. ती खाली, सुती अंथरूण वर, ही जोडी वस्तीतल्या घराला सगळ्यात सोयीची. रोज सकाळी उचलून उभी करा, नाहीतर तिच्याखालीही ओल साचते. शेगडीजवळ मात्र अंथरू नका. प्लास्टिक लगेच पेटतं आणि वितळून अंगाला चिकटतं.

फोमच्या जोडायच्या रंगीत चौकटींवर मूल खेळतं छान. पण सांध्यांतून पाणी आणि धूळ खाली जाते, म्हणून आठवड्यातून एकदा सगळ्या सुट्या करून पुसा. दातानं तुकडा तोडून गिळायच्या वयाच्या बाळापुढं त्या ठेवू नका.

केसाळ कार्पेट आणि मांडवातून उरलेला कार्पेटचा तुकडा टाळा. ते घरात धुता येत नाहीत. गुळगुळीत फरशीवर सरकतात, कडा दुमडतात. हातात गरम पातेलं असताना त्यात पाय अडकला तर भाजतं ते खाली बसलेलं लेकरू.

धुणं, वाळवणं

झटकायचं ते घराबाहेर, मूल जवळ नसताना, नाकाला पदर बांधून. घरात कोरडा झाडू मारण्यापेक्षा ओल्या फडक्यानं पुसा. कडक गरम पाण्यात धुतलं तर धुळीतले किडे मरतात. दर वेळी तेवढं इंधन नसतं हे आम्हाला ठाऊक आहे. मग साबणानं धुऊन कडक उन्हात पूर्ण कोरडं करा.

वस्तीत खरी अडचण वाळवायच्या जागेची. आमच्या काही बायांनी विहाराच्या गच्चीवर वार वाटून घेतले आहेत. एका गल्लीला एक वार. तुमच्या महिला मंडळालाही हे जमेल.

घरात खरूज असेल तर जास्त काळजी घ्या. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर पुरळ आणि रात्री वाढणारी खाज ही तिची खूण. औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं आणि अंथरूण, कपडे त्याच वेळी गरम पाण्यात धुवायचे. जे धुता येत नाही ते प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवा.

वर्षाच्या आतलं बाळ मऊ, खोल गादीवर नको. सपाट, घट्ट अंथरूण, बाळ पाठीवर, उशी नाही, तोंडाजवळ जाड पांघरूण नाही. मऊ गादीत नाक दबून श्वास कोंडू शकतो.

दवाखान्यात कधी?

अंथरूण बदलणं हा औषधाला पर्याय नाही. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी करून घ्या. झोपलेल्या किंवा शांत मुलाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त भरले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. छाती आत ओढली जात असेल, मूल बोलू किंवा पिऊ शकत नसेल, ओठ निळे पडले असतील तर एक मिनिटही थांबू नका.

आणि डॉक्टरांनी पंप दिला तर घाबरू नका. पंपाची सवय लागते ही समजूत चुकीची आहे. औषध थेट फुप्फुसात जातं, म्हणून थोडंच पुरतं.

त्या मुलीची तपासणी झाली. टीबी नव्हता, दमा निघाला. पंप सुरू झाला, कार्पेट घराबाहेर गेलं. आता शांत झोपते. यातलं किती पंपानं झालं आणि किती कार्पेट काढल्यानं, हे आम्ही वेगळं करून सांगणार नाही. दोन्ही करायलाच हवं होतं. तिचा कोपरा मात्र तसाच आहे. तक्ता भिंतीवर आहे, खाली चटई, वर आजीनं शिवलेली पातळ गोधडी. गुलाबी ठिगळ मधोमध लावलंय. ते मुलीनं स्वतः निवडलं.

आज घरी गेलात की लेकराच्या अंथरुणाची एक कड उचलून बघा.