सेकंड हँड बाईक घेतलीय? जंगलाच्या रस्त्यावर काढण्याआधी हे तपासा

चंद्रपूर-गडचिरोलीतले अनेक रस्ते जंगलातून जातात. रात्री अचानक रानडुक्कर आडवं आलं, तर भिस्त हेडलाइट आणि ब्रेकवरच असते. म्हणून आधी मेकॅनिककडून हेडलाइट, ब्रेक लायनर आणि चेन तपासून घ्या. इंजिन ऑइल बदला. टायर गुळगुळीत झाला असेल, तर तोही बदला.

मग कागदपत्रं. गाडी एमएच ३४ (चंद्रपूर) असो वा एमएच ३३ (गडचिरोली), फॉर्म २९ आणि ३० भरून ३० दिवसांत नावावर करण्यासाठी अर्ज करा. विमा नावावर करायला मुदत १४ दिवसांचीच. विम्याविना पकडल्यास पहिला दंड २,००० रुपये. पीयूसीही हवं.

विकणाऱ्यानेही गाफील राहू नये. सुप्रीम कोर्टाच्या २०१८च्या निकालानुसार, अपघात झाल्यास भरपाईची जबाबदारी आरटीओत नाव असलेल्या मालकावरच येते.