रॅम घेण्याआधी जुनी पट्टी पाहा

संगणक संथ झाला की सल्ला ठरलेला असतो, 'रॅम वाढवा, पळायला लागेल.' चिखलीत हवी ती पट्टी मिळाली नाही, तर बुलढाण्याहून किंवा अकोल्याहून कुणाकरवी मागवली जाते आणि ती बसतच नाही. बदलून आणायला दिवस मोडतो, मुलीचा ऑनलाइन फॉर्म तसाच राहतो. ओपीडीच्या खिडकीवरचा संगणक असा अडला, तर बाहेर केसपेपरची रांग वाढते.

मी डॉक्टर, संगणकाचा मेकॅनिक नव्हे. पण रक्त चढवण्याआधी गट तपासून क्रॉसमॅच करायची सवय इथेही कामी येते. रक्तात अडीनडीला ओ निगेटिव्हचा आधार तरी असतो. सगळीकडे चालणारी रॅम नसते.

औषधाआधी निदान. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबले की विंडोजचा टास्क मॅनेजर उघडतो. 'परफॉर्मन्स'मध्ये 'मेमरी' पाहा. रोजची कामे चालू असताना ती ८०-९० टक्के भरत असेल, तर दुखणे रॅमचे. मेमरी निम्मी रिकामी आणि 'डिस्क' मात्र सतत १०० टक्क्यांवर असेल, तर रॅमवर पैसे घालू नका. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवल्याने जास्त गुण येतो. माझ्या पाहण्यातली निम्मी यंत्रे याच दुखण्याची.

'मेमरी'च्याच पानावर किती स्लॉट भरले आहेत ते दिसते आणि 'स्पीड'ही. १३३३ किंवा १६०० म्हणजे बहुधा डीडीआर३, २१३३ ते ३२०० म्हणजे डीडीआर४, ४८०० च्या पुढे डीडीआर५. खात्री मात्र जुन्या पट्टीच्या लेबलवरून करावी. तिथे अनेकदा 'पीसी३-१२८००' किंवा 'पीसी४-१९२००' असे लिहिलेले असते. पीसीला चिकटलेला आकडा पिढीचा. मोठ्या आकड्याला आठने भागा, वेग मिळेल : १६०० आणि २४००.

प्रत्येक पिढीचा विद्युतदाब वेगळा. डीडीआर३ ला १.५ व्होल्ट, डीडीआर४ ला १.२, डीडीआर५ ला १.१. चुकीची पट्टी बसू नये म्हणून तिच्या कडेची खाच मुद्दाम निराळ्या जागी ठेवली आहे. पट्टी अडली तर जोर लावू नये. स्लॉट तुटला की खर्च मदरबोर्डवर जातो. डेस्कटॉपची पट्टी लांब, लॅपटॉपची साधारण निम्मी, हेही दुकानात आधी सांगावे.

एका ठिकाणी ही खाच वाचवत नाही. डीडीआर३एल ही १.३५ व्होल्टची पट्टी आणि साधी डीडीआर३ दिसायला सारख्याच, बसतातही सारख्याच. पण काही लॅपटॉप फक्त 'एल'च स्वीकारतात. लेबलवर 'पीसी३एल' असेल तर तीच मागा.

एकाच पिढीच्या दोन वेगळ्या वेगांच्या पट्ट्या सहसा चालतात, दोन्ही कमी वेगाने धावतात. यंत्र जास्तीत जास्त किती रॅम घेते, ते मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या संकेतस्थळावर पाहता येते. विंडोज ३२-बिट असेल तर ४ जीबीच्या वर घालून उपयोग नाही. पातळ लॅपटॉपांत बऱ्याचदा रॅम बोर्डालाच डाखलेली असते, तिथे विषयच संपतो.

सरकारी किंवा वॉरंटीतले यंत्र स्वतः उघडू नका. घरचे असेल तर वीज काढा, लॅपटॉपची बॅटरी निघत असेल तर तीही काढा, जुन्या लेबलचा मोबाइलवर फोटो घ्या आणि तो दुकानदाराला आधी पाठवा.