संख्याशास्त्रीय प्रणालींतील आवृत्तिभेद

प्रायोगिक भाषाविज्ञानात सामग्रीचे पृथक्करण 'आर' या प्रणालीच्या साहाय्याने करण्याचा प्रघात आता चांगलाच रुळला आहे. मूळ प्रणाली एक असली तरी तिच्या आधारे चालणारी पॅकेजे निरनिराळ्या लेखकांनी रचलेली असून ती आपापल्या गतीने बदलत असतात. त्यामुळे एका संगणकावर बिनतक्रार चाललेली आज्ञावली दुसऱ्यावर अडते किंवा निराळेच आकडे देते. या विसंगतीचे बोलकी व मुकी असे दोन प्रकार मानावयास हरकत नाही.

बोलक्या प्रकाराचा फारसा बाऊ करण्याचे कारण नाही. 'हे पॅकेज आरच्या अमुक आवृत्तीखाली तयार झाले' ही केवळ सूचना होय. तिने काम सहसा थांबत नाही. जुनी आवृत्ती चढवली जात असून नवी आवश्यक आहे, असा संदेश आल्यास सत्र बंद करावे, नव्या सत्रात काहीही न चढवता ते पॅकेज अद्ययावत करावे. विंडोजवर वापरात असलेली फाइल बदलता येत नाही, म्हणून ही दक्षता.

याहून चिवट उदाहरण मिश्र-परिणाम प्रतिमानांसाठी वापरल्या जाणाऱ्या एलएमई४ या पॅकेजचे आहे. ते मॅट्रिक्स या दुसऱ्या पॅकेजच्या अंतर्गत रचनेशी जुळवून संकलित केलेले असते. २०२३-२४च्या सुमारास मॅट्रिक्सची ती रचना बदलली आणि अनेकांना 'अमुक फंक्शन मॅट्रिक्समध्ये नाही' असा संदेश येऊ लागला. एलएमई४चा आवृत्तिक्रमांक तोच असल्याने अद्ययावत करण्याची आज्ञा येथे निरुपयोगी ठरते. प्रथम मॅट्रिक्स नवे करून मग एलएमई४ मूळ संहितेपासून पुन्हा संकलित करावे लागते. विंडोजवर त्यासाठी आरटूल्स हवे.

मुका प्रकार मात्र खरोखर घातक. समजा, स्वरांच्या कालमानाच्या स्तंभात ११२, ९८, १२० हे मिलिसेकंदांचे आकडे आहेत आणि एका जागी 'अनुपलब्ध' हा शब्द लिहिला आहे. त्या एका शब्दामुळे सबंध स्तंभ मजकूर म्हणून वाचला जातो. एप्रिल २०२०मध्ये आलेल्या ४.०.० या आवृत्तीपूर्वी असा मजकूर आपोआप 'फॅक्टर' होत असे. त्याचे अंकांत रूपांतर केले की मूल्यांऐवजी वर्णक्रमाने लावलेले कोटिक्रमांक हाती येत: १, ३, २, आणि अनुपलब्ध नोंदीलाही ४! तीच आज्ञा ४.०.०मध्ये ११२, ९८, १२० व एक रिक्त नोंद देते, शिवाय इशाराही देते. जुन्या आवृत्तीने इशारा दिलाच नव्हता. सरासरी निघाली, आलेखही निघाला.

दुसरा बदल एप्रिल २०१९मधील ३.६.० या आवृत्तीतला. यादृच्छिक नमुना निवडण्याच्या जुन्या रीतीत, विशेषतः मोठ्या समूहांसाठी, किंचित असमानता होती. ती सुधारली गेली. परिणामी तेच बीज देऊनही नमुना वेगळा पडू लागला. प्रबंधातले आकडे परीक्षकाला पुन्हा मिळाले नाहीत, तर संशय आवृत्तीवर जात नाही, विद्यार्थ्याच्या प्रामाणिकपणावर जातो; हा अन्याय टाळणे मार्गदर्शकांच्याच हाती आहे, असे आमचे मत आहे.

अशा वेळी दोन्ही संगणकांवर 'सेशनइन्फो' ही आज्ञा चालवून आरची व प्रत्येक पॅकेजची आवृत्ती ओळीने ताडून पाहावी. ३.६.०पूर्वीचा नमुना हवा असल्यास 'आरएनजीकाइंड' या आज्ञेने निवडीची जुनी 'राउंडिंग' रीत स्वीकारता येते. फॅक्टरच्या बाबतीत मात्र जुने वर्तन परत आणू नये. स्तंभाचा प्रकार आज्ञेतच स्पष्ट लिहावा.

'रेन्व्ह' हे पॅकेज पॅकेजांच्या आवृत्त्या एका फाइलीत नोंदवून ठेवते व पुढे त्याच आवृत्त्या पुन्हा बसवते. आरची आवृत्तीही ते नोंदवते, परंतु स्वतः बसवीत नाही. जुनी आर आपणच मिळवून बसवावी लागते.